गावाने ‘नको’ म्हटले की प्रकल्प रद्द होतो का?

२१ सप्टेंबर २००८ रोजी रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रकल्पावर, मतदान झाले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही भातशेतीची गावे. मतदान जिल्हा प्रशासनानेच घेतले होते. तेव्हापासून अनेकांची खात्री आहे की जनमतामुळे सेझ कायद्यानेच रद्द झाला.

तसे झालेले नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जनमताला जागाच नव्हती. लोकांच्या रेट्यापुढे राज्य सरकारने तो कौल घेतला, पण तो सरकारवर बंधनकारक नव्हता. जमीन सुटली ती कलम ११-अ मुळे. कलम ६ ची घोषणा झाल्यावर दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर संपादन आपोआप बाद होत असे. २००९ मध्ये ती मुदत उलटली. म्हणून आंदोलन वाया गेले असे कुणी समजू नये; शेतकरी हटले नाहीत म्हणूनच मुदत उलटली. जनमताची गोष्ट वेगळी: कॅलिफोर्नियात मतदारांनी मंजूर केलेला प्रस्ताव थेट कायदा होतो. आपल्या राज्यघटनेने कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळ आणि संसदेकडे ठेवला आहे.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दलही असाच समज आहे. ठरावाला वजन आहे, तो जरूर करावा. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना लागते ती बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची संमती. ग्रामसभेच्या संमतीची खास तरतूद अनुसूचित क्षेत्रांसाठी आहे आणि रायगड जिल्हा त्यात येत नाही.

सरपंच तहसीलदाराच्या हाताखाली असतो, हेही चूक. तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी ही महसुलाची साखळी. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही निवडून दिलेली व्यवस्था. तिचे तालुक्याचे कामकाज गटविकास अधिकारी पाहतात. पेण आणि रोहा शहरांचा कारभार नगरपरिषदेकडे. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतले सांडपाणी कुंडलिका नदीत जाताना दिसले, तर नुसते ग्रामपंचायतीला सांगून भागत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली कारवाईचा अधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज सातबाऱ्याचा. सातबारा महसुली नोंद आहे. विरुद्ध पुरावा येईपर्यंत ती खरी मानली जाते, पण तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच सोडवते. भावाने बहिणीचे नाव गाळून वारसनोंद करून घेतली, तरी तिचा हिस्सा बुडत नाही.

सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची, म्हणजे फेरफाराची, नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका. पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि तिची पोच जपून ठेवा.