गाभण शेळीचा डोळा

शेळी ही घरातल्या बाईची बँक. शाळेची फी, आजारपण, गावाला जाण्याचे भाडे, एखादे करडू विकले की भागते. म्हणूनच शेळी गाभण असताना तिच्या डोळ्यातून पाणी गळू लागले की घरात घालमेल होते आणि त्या घालमेलीत हाताला लागेल ते डोळ्यात घातले जाते. कोणी तंबाखूचे पाणी पिळतो, कोणी मीठ चोळतो, कोणी घरातल्या माणसाच्या डोळ्यांचे उरलेले औषध टाकतो. यातले शेवटचे आम्हाला सर्वात घातक वाटते, कारण ते शहाणपणाचे वाटते.

माणसांच्या डोळ्यांच्या कित्येक थेंबांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असते. त्याने लाली झटकन उतरते, पण बुबुळावर जखम असेल तर ती चिघळते आणि डोळा जाऊ शकतो. डेक्सामेथासोनचे इंजेक्शन तर गाभण शेळीला फारच जपून द्यावे लागते. पशुवैद्य तेच औषध मुद्दाम कळा आणण्यासाठी वापरतात. अवेळी दिले तर शेळी गाभडण्याची भीती. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य "शेळी गाभण आहे, इतके महिने झालेत" हेच असावे. शेळीचे दिवस साधारण १५० भरतात. बोकड दाखवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. (आम्ही पडलो कारकून, आम्हाला तारखांचे वेड आहे असे घरचे म्हणतात, पण इथे ते उपयोगी पडते.)

आता घरी काय करावे? पाणी एकाच डोळ्यातून येत असेल तर बहुधा कुसळ, भुसा किंवा धूळ गेलेली असते. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात चहाचा सपाट चमचा जेमतेम भरेल इतके मीठ विरघळवावे आणि स्वच्छ फडक्याने चिपडे पुसून डोळ्यावर धार सोडावी. धरताना शेळीच्या पोटावर गुडघा किंवा भार देऊ नये. एकाने मान धरावी, दुसऱ्याने धुवावे. रुतलेले कुसळ नखाने किंवा चिमट्याने उपटू नये, ते डॉक्टरांचे काम. वैरण उंच टांगलेली असेल तर खाली घ्यावी, कारण वरून ओढताना कचरा थेट डोळ्यात पडतो. एका दिवसात उतार दिसला नाही, शेळी डोळा घट्ट मिटून घेऊ लागली किंवा बुबुळ पांढुरके झाले, म्हणजे फूल पडू लागले, तर आणखी वाट पाहू नये. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकासाठी विचारावे.

दोन्ही डोळे लाल, चिकट आणि दावणीतल्या दुसऱ्या शेळ्यांचेही तसेच, तर ते डोळे येणे समजावे. हे माशांमुळे आणि एकमेकींना घासल्याने पसरते. आजारी शेळी वेगळी, सावलीत बांधावी; तिचे फडके दुसरीला लावू नये आणि आपले हात साबणाने धुवावेत.

एक प्रकार मात्र डोळ्याचा दिसतो आणि डोळ्याचा नसतो. विण्याला महिना-दीड महिना उरलेला, पोटात दोन-तीन करडे, शेळी चारा सोडते, कळपापासून बाजूला उभी राहते, दात खाते, भिंतीला धडकते. डोळा पाहावा तर काचेसारखा स्वच्छ. पोटातली करडे अंगातली साखर ओढून घेतात, आईला पुरेसा आहार मिळत नाही, त्याचा हा परिणाम. आपल्याकडची उस्मानाबादी शेळी जुळी देण्यात पुढे, म्हणून तिच्या मालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. इथे थेंब घालत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर हवा, नाहीतर आई आणि करडे दोन्ही जातात. शेवटच्या दोन महिन्यांत भरडा थोडा थोडा वाढवत नेला आणि हिरवा पाला चालू ठेवला तर ही वेळ सहसा येत नाही. हिरव्या पाल्यातून 'अ' जीवनसत्त्वही मिळते. नुसत्या वाळल्या कडब्यावर बराच काळ राहिलेल्या शेळीला संध्याकाळनंतर दिसेनासे होते.

आणि शेळी गाभडलीच, तर मेलेले करडू आणि वार उघड्या हाताने उचलू नये. काही जंतू माणसालाही लागतात आणि त्यांत गरोदर बाईला धोका अधिक. घरात सून किंवा लेक पोटुशी असेल तर तिला गोठ्याच्या कामातून तेवढे दिवस मोकळे करावे. ते काम पुरुषांनी हातात प्लास्टिकची पिशवी घालून करावे आणि सारे खोल पुरावे.