दौलतजादा, बिदागी, मानधन : कलेच्या मोबदल्याची मराठी परिभाषा

वाशी येथील नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचे नाव देण्यात आले आहे. १८४३ मध्ये सांगलीत भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये हा आश्रय संपल्यावर ते गावोगाव फिरू लागले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांच्या नाटकमंडळीने तिकीट लावून प्रयोग केले. दात्याच्या मर्जीची जागा तिकिटाने घेतली, असे या घटनेचे वर्णन रंगभूमीच्या इतिहासात केले जाते. ते बरोबर असले तरी अपुरे आहे. तिकिटाची किंमत प्रयोगापूर्वी ठरते आणि ती देणारा अनाम असतो. प्रयोग चालू असताना, आवडीच्या भरात, स्वतःच्या नावानिशी कलावंताला काही द्यावे ही रसिकाची ऊर्मी तिकिटाने शमत नाही. ते कसे द्यावे, कोणाच्या देखत द्यावे आणि त्यामुळे कोण मोठे ठरते, याविषयीचे मराठी समाजाचे संकेत त्याच्या शब्दसंपत्तीत साठलेले आहेत.

हे शब्द परस्परांचे पर्याय नाहीत. ‘बिदागी’ निरोपाशी निगडित आहे. मैफल किंवा कीर्तन संपल्यावर, गुणीजन निघताना, ती दिली जाते. ‘सुपारी’ याच्या उलट, आरंभीची; ती दिली की तमाशाचा फड वा वाजंत्री बांधली गेली. (याच शब्दाला पुढे गुन्हेगारी जगात जो अर्थ आला, त्याच्याही मुळाशी बांधिलकीची हीच कल्पना आहे.) ‘पोस्त’ दिवाळीची, गडीमाणसांना द्यावयाची, ‘बक्षिशी’ वरून खाली येणारी. इंग्रजीतून आलेली ‘टिप’ प्रथम उपाहारगृहात रुळली आणि तिने बक्षिशीची जागा घेतली, पण वरून खाली येण्याचा तिचा गुण काही बदलला नाही. गवयाला कोणी टिप देत नाही. त्याला बिदागी देतात. रक्कम तीच असली तरी शब्द बदलताच तो अपमान ठरेल.

या सर्वांत ‘दौलतजादा’ हा शब्द वेगळा आहे. ‘दौलत ज्यादा’, म्हणजे दौलत वाढो, अशी त्याची फोड केली तर तो मुळात घेणाऱ्याने देणाऱ्याला दिलेला आशीर्वाद ठरतो. कालांतराने आशीर्वादाचा शब्द देणगीलाच चिकटला. तमाशात, आणि विशेषतः संगीत बारीत, लावणी रंगात आली असता प्रेक्षक पैसे पुढे करतो, नर्तकी ते घेण्यासाठी त्याच्यापर्यंत येते, कधी देणाऱ्याचे किंवा त्याच्या मित्राचे नाव पुकारले जाते, कधी त्याच्या फर्माईशीची लावणी सुरू होते. ढोलकीच्या फडाला तिकिटाचा आणि वगाचा आधार असतो. संगीत बारीत वग नसतो, म्हणून तेथे दौलतजादेला मिळकतीत आणि सादरीकरणातही मध्यवर्ती स्थान लाभते.

नाव पुकारण्याच्या या क्षणी प्रसिद्धी कलावतीकडून रसिकाकडे सरकते. घटकाभर तोच त्या सभेचा नायक होतो, आणि शेजारच्याने अधिक मोठी नोट काढली की पदच्युतही होतो. वासुदेवाच्या ‘दान पावलं’ या घोषाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथे दान स्थळोस्थळीच्या देवांच्या नावे पावते केले जाते आणि दात्याचा अहंकार त्या नामावळीत विरून जातो. दौलतजादेत तो अहंकारच विक्रीस असतो. मात्र हा व्यवहार एकतर्फी नाही. पैसे काढणाऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवायचे, कोणाकडे पाहून हसायचे, नोट न सोडणाऱ्या हाताला कसे फटकारायचे, हे सारे कलावतीच्या अदाकारीत येते. तिला केवळ बळी मानणारे आणि केवळ मोहिनी मानणारे, असे दोन्ही समीक्षक हे कौशल्य पाहत नाहीत.

लावणीच्या संहितेचा विचारही या अंगाने व्हायला हवा. पुन्हा पुन्हा येणारे ध्रुपद, ‘तुम्ही’, ‘राया’, ‘सख्या’ अशा थेट संबोधनांची योजना, कोठेही थांबून पुन्हा उचलता येईल अशी कडव्यांची सुटी बांधणी, या विशेषांचे स्पष्टीकरण सामान्यतः शृंगाररस आणि गेयता यांच्या आधारे दिले जाते. परंतु मध्येच पैसे घेण्यासाठी गाणे सोडावे लागते आणि परतल्यावर ते धरावे लागते, ही प्रयोगाची गरजही या बांधणीमागे असावी. छापील संग्रहांत लावणी अखंड दिसते. तिच्यातील या फटी संपादकांनी बुजवलेल्या असतात. पदव्युत्तर वर्गात ती वाचताना त्या मोकळ्या ठेवून वाचल्यास संबोधनातील ‘तुम्ही’ म्हणजे नेमके कोण, या प्रश्नाचे उत्तर बदलेल.

संगीत रंगभूमीने रसिकाच्या ऊर्मीला निराळी वाट दिली, ती ‘वन्समोअर’ची. येथे कोणाचे नाव पुकारले जात नाही. मागणी साऱ्या प्रेक्षागाराची असते आणि तिला दाम पडत नाही. या दादेतून बालगंधर्वांइतकी लोकप्रियता क्वचितच कोणाला लाभली, आणि तरीही १९१३ मध्ये स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी कर्जाखाली दबली. प्रतिष्ठित रंगभूमीची दाद निर्मळ होती, कारण ती फुकट होती, असे थोडे कठोरपणे म्हणता येईल.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रतिष्ठेचा शब्द ठरला तो ‘मानधन’. संस्कृतात हे विशेषण आहे : मान हेच ज्याचे धन आहे असा. भारवीने ‘किरातार्जुनीया’त ते योद्ध्यांसाठी योजले आहे. मराठीत ते नाम झाले आणि अर्थही उलटला : मान राखून दिलेले धन. पाकिटात घालून, शाल-श्रीफळासह दिलेल्या या रकमेत पैसा दिसू नये अशी दक्षता असते. पण हाच शब्द अंगणवाडी सेविकेलाही लावला जातो आणि तेथे तो ‘वेतन’ म्हणण्याचे टाळण्यासाठी येतो. राज्यशासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठीची योजना १९५४-५५ पासूनची. तिच्याही नावात मानधनच आहे. तमाशातील स्त्रीच्या वाट्याला हा शब्द येतो तो बहुधा या योजनेतून, पायांतील चाळ सुटल्यानंतर.

ज्या नवी मुंबईत भावे यांचे नाव नाट्यगृहाला आहे, तिच्याच दक्षिण टोकाला पनवेल परिसरात डान्स बार वाढले. २००५ मध्ये राज्याने मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून अशा बारमधील नृत्यावर बंदी घातली. तारांकित हॉटेले तीतून वगळली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. २०१६ च्या नव्या कायद्याने नोटा उधळण्यास आणि नर्तकीच्या हाती पैसे देण्यासही मनाई केली. टिप द्यायची तर ती बिलात मिळवावी, असे ठरवले. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उधळण्यावरील मनाई राखली, पण टिप कशी द्यावी याची सक्ती अमान्य केली. उधळलेली नोट वेचण्यासाठी वाकावे लागते, हातात दिलेली नोट घेताना मान ताठ राहू शकते. हा फरक न्यायालयापुढे २०१९ मध्ये आला; संगीत बारीतल्या जुन्या बाया तो नव्या मुलींना पहिल्याच बैठकीआधी शिकवीत आल्या आहेत.