उरेब कापडाची स्लिप: १९३०च्या धाटणीचे आतले कपडे घरी शिवताना

विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते बरंच झालं. ब्लाउजचं माप शिंप्याला बिनदिक्कत देणाऱ्या आपण आतल्या कपड्यांबद्दल दुकानात हळू आवाजात बोलतो आणि घरी ते टॉवेलखाली वाळत घालतो. मिळेल तो साइज घेतो, आणि नाहीच बसला तर दोष आपल्या अंगाला देतो.

आज आम्ही जी स्लिप दाखवणार आहोत, ती युरोपात १९३०च्या दशकात घालत तशी. खांद्यावर बारीक बंद, लांबी गुडघ्यापर्यंत, ड्रेसखाली घालायची. इलॅस्टिक नाही, हूक नाही, चेन नाही, डोक्यावरून घालायची. तरी ती अंगाबरोबर हलते. कशी?

हातात साधा सुती रुमाल घ्या. काठाच्या दिशेने ओढा. ताणला जात नाही. आता दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. ताणतो, आणि मध्ये अरुंद होतो. उभ्या-आडव्या धाग्यांचे बारीक चौकोन तिरपे ओढले की चपटे होतात, एवढंच. आपल्याकडे याला उरेब म्हणतात. गळ्याला उरेब पट्टी आपण सगळ्यांनीच लावली आहे. इथे अख्खा कपडाच उरेब.

ही पद्धत पॅरिसच्या मादलेन व्हिओनेने शोधली असं सर्रास सांगतात. तसं नाही, कॉलर आणि पट्ट्या आधीही उरेब कापत. तिने पूर्ण पोशाख तसा कापून दाखवला. लहान लाकडी बाहुलीवर कापड लपेटून ती पोशाख घडवायची, आणि नेहमीपेक्षा रुंद पन्ह्याचं क्रेप मुद्दाम विणून घ्यायची.

पन्ह्याचीच अडचण आपल्यालाही येते. ४४ इंची पन्ह्यावर ३८ इंच लांब आणि खाली २४ इंच रुंद असा तुकडा ४५ अंशात जेमतेम बसतो, तोही माया धरून. छाती ३४-३६ असेल तर एवढा पुरतो. त्याहून मोठं माप असेल तर रडायचं नाही, कमरेखाली जोड द्यायचा. जुन्या स्लिपांना असे जोड असतच, आणि ते छान दिसतात. पुढचा-मागचा मिळून दोन मीटर लागतं. आम्ही अडीच घेतो.

कापताना परकरासारखी घडी घालायची नाही. आम्ही पहिल्यांदा घातली होती. वरचा थर सरकला, एक बाजू उरेब आणि दुसरी अर्धवट, आणि ती स्लिप चालताना अंगाभोवती फिरायची. म्हणून पूर्ण कागदी नमुना काढा आणि कापड एकेरी पसरा. क्रेप किंवा सॅटिन निसटत असेल तर खाली पातळ कागद ठेवून कागदासकट कापा. पहिली स्लिप मात्र मलमलीचीच करा.

बाजूला एक इंच माया ठेवा, कारण लोंबल्यावर कपडा अरुंद होणार आहे. मशीनला घरात असते ती १४ नंबरची सुई काढून ९ किंवा ११ लावा. साध्या मशीनवर टीप मारताना कापड पुढून-मागून किंचित ताणून धरा, नाहीतर घातल्यावर दोरा तुटतो. हाताने शिवणार असाल तर धावदोरा, आणि दर चार-पाच टाक्यांनी एक उलटी टीप. शिवण फ्रेंच: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून शिवायचं, कडा बारीक कापायच्या, मग कापड उलटवून पुन्हा टीप. कच्ची कड आत बंद होते, त्वचेला काही टोचत नाही. वरच्या कडेला मात्र सरळ धाग्याची बारीक पट्टी हवी, नाहीतर गळा पसरतो. बंद म्हणजे ब्लाउजच्या पाठीवरची डोरी, तशीच करायची.

लेस लावायची का, हा प्रश्न हमखास येतो. लावा, पण ‘जुनं’ दिसायला ती लागतेच असं नाही. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. १९४२च्या नियमांनी तयार आतल्या कपड्यांवर लेस आणि भरतकाम बंद केलं. जपानने मलाया घेतल्यावर रबर दुर्मीळ, म्हणून इलॅस्टिकही दुर्मीळ. बायका घरीच शिवू लागल्या. पॅराशूटचं रेशीम किंवा नायलॉन मिळालं तर त्याच्या लांब निमुळत्या तुकड्यांतून चड्ड्या आणि स्लिपा निघायच्या. कापड वाया जाऊ नये म्हणून पॅराशूटची शिवणही चालवून घ्यायची. त्या काळच्या स्लिपवर मध्येच वाकडी शिवण दिसली तर ती चूक समजू नका.

आता सगळ्यात कंटाळवाणी पायरी. बाजू शिवून, बंद लावून स्लिप हँगरवर दोन दिवस टांगून ठेवा. खालची कड कुठे एक इंच, कुठे दोन इंच खाली येईल. मग ती अंगात घालून सरळ उभ्या राहा, आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून पट्टीने मोजून खडूच्या खुणा करायला सांगा. आपण स्वतः वाकून मोजलं की कड वर उचलली जाते. एक खांदा खाली, एक कंबर भरलेली असेल तर खुणांची रेघ कपड्यावर वाकडी येईल. तशीच कापा. घातल्यावर ती सरळ दिसेल. दुमड पाव इंचाहून मोठी नको, आणि हेम हातानेच घाला, दोरा सैल सोडून.