सत्त्याऐंशी पट लहान रस्ता

रस्त्याच्या मधोमध तुटक पांढरे पट्टे असतात. त्यातला एक पट्टा किती लांब असेल? पुढचं वाचण्याआधी मनाशी एक आकडा धरा.

२००८ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनिस शेफर यांचा याच प्रश्नावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी सांगितलं, दोन फूट. प्रत्यक्षात तिथल्या मोठ्या रस्त्यांवर पट्टा असतो दहा फुटांचा आणि दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा तीस फुटांची. आयुष्यभर डोळ्यांसमोर असलेली वस्तू, आणि अंदाज चुकला पाचपटीने!

या चुकीची शिक्षा सगळ्यांत जास्त कोणाला भोगावी लागते, तर मॉडेल रेल्वे उभी करणाऱ्यांना. ही मंडळी इंजिनाच्या बफरपासून डब्याच्या खिडकीच्या गजापर्यंत सगळं मापात करतात. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. गाड्या, सिग्नल आणि त्यांच्याभोवतीचं शहर तिथे मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा पाहिलं असेल. घरी असा लेआउट करू लागलं की सगळा जीव गाड्यांत अडकतो आणि रस्ता राहतो शेवटी. मग काळ्या रंगाची एक पट्टी मारायची, मध्ये अंदाजाने पांढऱ्या रेघा ओढायच्या, झाला रस्ता. आणि तिथेच सगळं खेळण्यासारखं दिसू लागतं. काय चुकलं ते मात्र बोट ठेवून सांगता येत नाही.

म्हणून मापांपासून सुरुवात करू. जगात सर्वाधिक चालणारं माप एचओ, म्हणजे १:८७. या मापात दहा फुटी पट्टा होतो ३५ मिलिमीटरचा आणि मोकळी जागा १०५ मिलिमीटरची. आपल्या दोन फुटी आठवणीतून काढलेला पट्टा भरतो जेमतेम ७ मिलिमीटर. ब्रिटनमध्ये पट्ट्याची लांबी रस्त्याच्या वेगाप्रमाणे ठरते. ताशी ४० मैलांपर्यंतच्या रस्त्यावर मधली रेघ २ मीटर रंग आणि ४ मीटर मोकळी. त्याहून वेगवान रस्त्यावर ३ मीटर रंग आणि ६ मीटर मोकळी. पुढे धोका असेल तर प्रमाण उलटतं: ४ मीटर रंग, २ मीटर मोकळं. म्हणजे पट्टे दाट झाले की चालकाने सावध व्हायचं. अक्षर न वाचता कळणारी ही भाषा मला फार सुंदर वाटते, आणि लहान रस्त्यावर ती जशीच्या तशी उतरवता येते.

आता रुंदी. आपल्याकडच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे एकेरी रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर रुंद, दुपदरी रस्त्याचं ७ मीटर. एचओमध्ये हे झाले ४३ आणि ८० मिलिमीटर. अडीच मीटर रुंदीची बस भरते २९ मिलिमीटर. एकेरी रस्त्यावर अशा दोन बस समोरासमोर आणून ठेवा. ४३ मिलिमीटरांत ५८ मिलिमीटर मावणार नाहीत. एका बसला डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावीच लागतील. खेड्याकडे जाणाऱ्या आपल्या रस्त्यांच्या कडा का कुरतडलेल्या असतात, याचं उत्तर या बेरजेत आहे. चाक डांबरावरून मुरमावर उतरतं, मुरूम दबतो, डांबराची कड उघडी पडते आणि पुढच्या चाकाखाली तिचा तुकडा निघतो. मॉडेलमध्ये एकेरी रस्त्याची कड सरळ ठेवली तर तो रस्ता कोणी वापरलेलाच नाही असं दिसतं. कड खरवडा, तिच्या बाहेर तांबूस मुरमाचा पट्टा द्या आणि त्यात चाकांच्या दोन अस्पष्ट चाकोऱ्या ओढा. कुठल्याही इंजिनाइतकाच हा तुकडा बघत राहावासा वाटतो.

रस्ता सपाट नसतो, हेही लहान करताना लक्षात येतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मध्यभागी उंची आणि दोन्ही बाजूंना उतार असतो, डांबरी रस्त्याला दोन-अडीच टक्के. ८० मिलिमीटरच्या रस्त्यात हा उंचवटा होतो सुमारे १ मिलिमीटर. एवढ्याशाने काय होतं? आडव्या उजेडात ठेवून बघा. प्रकाश रस्त्याच्या एका अंगावर पडतो, दुसरं अंग किंचित काळवंडतं, आणि सपाट पुठ्ठा एकदम रस्ता होतो. करायचं असं: सनबोर्डाच्या पट्टीवर दोन्ही कडांना टेपचे थर देऊन काठ तयार करायचे, मध्ये पातळ प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं आणि खालची कड हलक्या कमानीत कापलेला पत्र्याचा तुकडा त्यावरून एका दमात ओढायचा. खऱ्या रस्त्याचा उतार तपासायलाही अशीच कमानीत कापलेली फळी वापरतात.

पृष्ठभाग खरखरीत हवा, असं आपल्याला वाटतं. हिशेब वेगळंच सांगतो. डांबरी रस्त्यावर खडीच्या उंचसखलपणाची खोली साधारण एक मिलिमीटर धरली, तर एचओमध्ये ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी होते. बोटाला जे खरखरीत लागेल ते मापात खडी नसून धोंडे आहेत! म्हणून मुरलेले मॉडेलकार ओल्या रंगावर टाल्कम पावडर भुरभुरतात, किंवा ४००-६०० नंबरचा पॉलिश पेपर रस्ता म्हणून चिकटवतात. स्पर्शाला जवळजवळ गुळगुळीत, नजरेला मात्र चमक नसलेला; हवं ते हेच.

आणि रंग. इथे जरा रेंगाळू या, कारण सगळ्यांत जास्त रस्ते इथे फसतात. डांबर काळं, म्हणून रस्ता काळा, असं आपण लहानपणापासून चित्रांत रंगवत आलो. नुकता केलेला रस्ता काळा असतो हे खरं. पुढे टायरांनी वरचा डांबराचा पापुद्रा झिजतो, उन्हाने उरलेलं डांबर फिकटतं आणि खालची खडी उघडी पडते. त्या दिवसापासून रस्त्याचा रंग हा दगडाचा रंग असतो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना खडी काळ्या पाषाणाची, म्हणून आपले जुने रस्ते निळसर राखाडी. कोकणात त्यांच्या कडांवर जांभ्याची लाल माती चढते. इंग्लंडमध्ये लेस्टरशरमधल्या माउंटसॉरेलच्या खाणीत गुलाबी छटेचा ग्रॅनाइट निघतो. त्याची खडी जिथे पडली तिथे रस्त्याच्या राखाडीतही गुलाबी झाक येते. रस्ता आपल्या भूगर्भाचा रंग पाठीवर घेऊन फिरतो, आणि आपण त्याला सरसकट काळा म्हणतो.

त्यात अंतराची भर. लेआउटपासून ६० सेंटिमीटरवर उभे राहिलात तर मापाने तुम्ही त्या रस्त्यापासून ५२ मीटर दूर आहात. दूरची वस्तू हवेमुळे फिकट दिसते, म्हणून मॉडेलवर रंगही फिकट लागतो. नुसता काळा-पांढरा मिसळून केलेला राखाडी मृत दिसतो. त्यात थोडा तपकिरी घाला. सगळीकडे एकसारखा लावू नका. केबलसाठी चर खणून बुजवलेला पट्टा जास्त काळा, खड्ड्यावर मारलेलं पॅचवर्क त्याहून काळं, जुना भाग पांढुरका. प्रत्येक लेनच्या मधोमध, दोन चाकांच्या वाटांमध्ये, एक गडद पट्टा असतो, तो लक्षात आलाय? इंजिनांमधून ठिबकलेल्या तेलाचा तो माग. वाहनं जिथे उभी राहतात तिथे तो दाट होतो. म्हणून रेल्वे फाटकाच्या अलीकडे त्याला सगळ्यांत काळा करायचा, आणि फाटक ओलांडलं की हळूहळू विरू द्यायचा. शिसपेन्सिलीची भुकटी आणि मऊ ब्रश एवढ्यावर हे काम होतं.

फाटकावर रस्ता आणि रूळ एका पातळीत येतात. मॉडेलमध्ये मात्र रुळांमधला रस्ता रुळाच्या माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवावा लागतो, नाहीतर इंजिनाच्या पोटाखालचे भाग अडकतात. आणि चाकाच्या आतल्या कडेसाठी रुळालगत खाच मोकळी सोडावी लागते. ही खाच खऱ्या फाटकावरही असते, तिथे ती मापाला बारीक असते एवढंच.

पट्टे आखण्याचं काम धीराचं. १० सेंटिमीटर रुंदीची रेघ एचओमध्ये १.१५ मिलिमीटर होते. ज्यांच्या घरी इंजिनिअरिंग ड्रॉइंगची जुनी पेटी असेल त्यांनी त्यातलं रूलिंग पेन शोधावं. त्याच्या दोन पात्यांमधलं अंतर स्क्रूने लावून पांढऱ्या पोस्टर कलरची एकसारखी रेघ निघते. मास्किंग टेपने करायचं तर एक युक्ती आहे. टेप लावल्यावर आधी पांढरा मारायचा नाही, रस्त्याचाच राखाडी मारायचा. टेपच्या कडेखाली जो रंग झिरपायचा तो राखाडी झिरपतो आणि फट बंद करतो. त्यावर पांढरा द्या, वाळण्याआधीच टेप काढा, कड सुरीने कापल्यासारखी येईल. मग ही सुंदर रेघ जरा बिघडवायची. चाकं जिथून ती ओलांडतात तिथे बारीक पॉलिश पेपरने पुसट करायची. पूर्ण पांढरी रेघ फक्त उद्घाटनाच्या दिवशी असते.

काळाचं भानही हवं. रस्त्यावर मधली रेघ ओढण्याचं श्रेय बऱ्याचदा अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एडवर्ड हाइन्स यांना देतात, साल १९११. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी रात्री चमकणाऱ्या ‘कॅट्स आय’चं पेटंट घेतलं १९३४ मध्ये, आणि ब्रिटनच्या कायद्यात झेब्रा क्रॉसिंग आलं १९५१ मध्ये. १९३५ च्या इंग्लिश स्टेशनाबाहेर झेब्रा काढला तर इंजिन कितीही अचूक असो, चित्र बिघडलं.

आता मला सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट. ब्रिटनच्या रस्त्यांवर ‘स्लो’ असं मोठ्या अक्षरांत रंगवतात. कमी वेगाच्या रस्त्यावर ती अक्षरं १.६ मीटर लांब, वेगवान रस्त्यावर २.८ मीटर. वरून पाहिलं तर विचित्र ताणलेली. कारण चालकाचा डोळा रस्त्यापासून जेमतेम १.२ मीटर वर असतो आणि तिरक्या नजरेत लांबी दबून जाते. किती? ३० मीटर पुढे असलेला ३ मीटरचा पट्टा डोळ्यात तेवढीच उंची व्यापतो, जेवढी तिथे उभी केलेली ११ सेंटिमीटरची काठी व्यापेल. पट्टा आपल्याला आखूड का वाटतो, याची भूमिती ही अशी आहे. रस्ता आखणाऱ्यांना ती ठाऊक असते, म्हणून ते अक्षरं आधीच ताणून ठेवतात.

मॉडेलवर मात्र आपण वरून बघतो. डोळा लेआउटच्या ४० सेंटिमीटर वर असेल तर मापाने आपण ३५ मीटर उंचीवर, म्हणजे अकराव्या मजल्याच्या गच्चीत उभे आहोत. तिथून अक्षरं लांबट दिसणारच, आणि दिसली पाहिजेत. ‘बरी दिसावीत’ म्हणून ती बुटकी करू नका. त्याऐवजी मोबाइल उलटा धरा, लेन्स खाली करून रस्त्यापासून १४ मिलिमीटरवर आणा. चालकाचा डोळा १:८७ मध्ये बरोबर तिथे येतो. पडद्यावर ती ताणलेली अक्षरं आखडतात, सरळ होतात, वाचता येतात. ३५ मिलिमीटरचे पट्टे झरझर जवळ येताना दिसतात. टेबलावरचा रस्ता त्या क्षणी माणसांच्या मापाचा होतो.

हॅम्बुर्गच्या मिनियातुर वुंडरलांडमध्ये, २००१ पासून चालू असलेल्या जगप्रसिद्ध लेआउटवर, अशा रस्त्यांवरून गाड्या खरोखर धावतात. रस्त्यात पोलादी तार पुरून वरून लिंपलेली असते. गाडीच्या पुढच्या चाकांना जोडलेला चुंबक तिचा माग धरतो आणि चाकं वळवतो. तार दिसत नाही, रस्ताच दिसतो.

घरच्या लेआउटवर एक मर्यादा कोणालाच ओलांडता येत नाही. एक किलोमीटर म्हणजे एचओमध्ये साडेअकरा मीटर. राष्ट्रीय महामार्गाचा पिवळ्या माथ्याचा किंवा राज्य महामार्गाचा हिरव्या माथ्याचा किलोमीटरचा दगड लावणार असाल, तर बहुतेक घरांत एकच लावता येईल. तो फाटकाजवळ लावा, शेजारच्या झाडाच्या बुंध्याला चुना-गेरूचे पट्टे द्या.

पहिला तुकडा फूटभराचाच करा, आणि लेआउटपासून दूर, जेवणाच्या टेबलावर करा. लागणारं जवळजवळ सगळं सामान स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. रंग मिसळण्याआधी घराजवळच्या रस्त्याचा फुटपाथवरून एक फोटो काढा, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उजेडात, आणि रंग त्या फोटोशी ताडून बघा. जागेवर बसवून कडा घासताना रूळ मास्किंग टेपने झाकून ठेवा. प्लास्टरची भुकटी रुळावर बसली की चाकांपर्यंत वीज पोहोचत नाही आणि इंजिन जागचं हलत नाही.