जीवाश्माचें नामकरण

आमच्या श्रीगोंद्यांत विहीर खणावी तर काळा पाषाणच लागतो. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा हा खडक. त्यांत अस्थि मिळण्याची आशा नाहीं. परंतु महाराष्ट्राच्याच पूर्वेस, चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांवीं, गाळाच्या थरांत १९८४ व १९८६ सालीं एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरच्या अस्थि सांपडल्या. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंतील जैन व बंद्योपाध्याय यांनीं १९९७ सालीं तिचें वर्णन नवी जाति म्हणून प्रसिद्ध करून 'टायटॅनोसॉरस कोल्बर्टी' असें नांव ठेविलें.

नवी जाति सांगणें म्हणजे केवळ बारसें नव्हे; लक्षण सांगावें लागतें. गाईचें लक्षण 'शिंगें असणें' असें केल्यास म्हैसही गाय ठरते! नैयायिक यास अतिव्याप्ति म्हणतात. येथेंही तसेंच घडलें. 'टायटॅनोसॉरस' हें नांव लिडेकर यांनीं १८७७ सालीं मुख्यत्वें जबलपूरकडील शेपटीच्या मणक्यांवरून दिलें होतें. पुढें तसल्याच घडणीचे मणके देशोदेशीं सांपडले व तें लक्षण अतिव्याप्त ठरलें. म्हणून २००३ सालीं विल्सन व अपचर्च यांनीं तें नांव रद्द केलें.

मग डोंगरगांवच्या प्राण्याचें काय? त्याचा सांगाडा संस्थेंत जपलेला होता. त्याचीं स्वतःचीं लक्षणें पडताळून पाहतां आलीं आणि तीं टिकलीं. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'इसिसॉरस' झाला. 'कोल्बर्टी' हें उपपद मात्र कायम राहिलें.

घरांतील मुलांनीं एखादा चमत्कारिक दगड आणिला, तर वाचकहो, तो फेकूं नका. आधीं कोठें सांपडला तें लिहून ठेवा. नांव मागाहून बदलतां येतें. हरवलेला पुरावा परत येत नाहीं.