ठोका, पाऊल आणि पेटंट

शाळेच्या मैदानावर कवायत चालू आहे. ढोलावर दर सेकंदाला एक ठोका पडतो. ३४ मीटर दूर असलेल्या शेवटच्या रांगेला तो सुमारे ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तिचे पाऊल चुकते. यावर उपाय काय? ठोका लवकर पोचवता येत नाही. पण ठोका ऐकल्यावर त्या रांगेने आणखी ०.९ सेकंद थांबून पाऊल टाकले, तर ते पुढच्या ठोक्याशी बरोबर जुळेल!

संगणकाच्या स्मृति-चिपमध्ये हीच युक्ती वापरतात. तेथील ठोका म्हणजे घड्याळी स्पंद. १०० मेगाहर्ट्झ वारंवारतेला दोन स्पंदांतील अंतर केवळ १० नॅनोसेकंद असते. त्यामुळे चिपमध्ये स्पंद पसरताना होणारा थोडासा उशीरही माहितीत घोटाळा करू शकतो. म्हणून चिपवरच एक विलंब-मंडल असते. ते बाहेरचा आणि आतला स्पंद सतत ताडून पाहते व एकूण उशीर पूर्ण आवर्तनाइतका होईल असा विलंब राखते.

स्मृति-चिपच्या अशा तंत्रांवर हक्क कोणाचा, यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. फार्मवाल्ड व होरोविट्झ यांनी १९९० साली रॅम्बस कंपनी स्थापन केली आणि पेटंटचा अर्ज केला. ही कंपनी १९९६ पर्यंत 'जेडेक' या मानके ठरवणाऱ्या संस्थेची सभासद होती. २००० साली तिने पेटंटभंगाबद्दल इन्फिनिऑन कंपनीवर दावा लावला. पण २००१ मध्ये निकाल उलटाच लागला. न्यायाधीशांनी पेटंटभंग अमान्य केला. शिवाय, आपले अर्ज जेडेकमध्ये लपवून रॅम्बसनेच फसवणूक केली, असे ज्यूरीने ठरवले.

प्रकरण अपिलात गेले. तेथे सारा भर शब्दांवर आला. पेटंटमधील 'बस' म्हणजे काय? पत्ता, माहिती व आज्ञा आळीपाळीने नेणाऱ्या सामाईक तारा एवढाच अर्थ खालच्या न्यायालयाने घेतला होता. अपील न्यायालयाने अनेक उपकरणांना जोडणारा तारांचा संच हा रूढ, व्यापक अर्थ मान्य केला. दुसरा प्रश्न सभासदांनी नेमके काय उघड करायचे हा होता. जेडेकचा नियमच मोघम होता. २९ जानेवारी २००३ रोजी तीनपैकी दोन न्यायाधीशांनी फसवणुकीचा निष्कर्ष रद्द केला. तिसऱ्या न्यायाधीशांचे मत वेगळे होते. पेटंटभंगाचा प्रश्न पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेला आणि २००५ मध्ये दोन्ही कंपन्यांत तडजोड झाली.

नॅनोसेकंदांचा हिशेब चोख ठेवणाऱ्यांना शब्दांच्या ढिलाईने न्यायालयात वर्षे घालवावी लागली. वर्गात आपण व्याख्येचा आग्रह धरतो, तेव्हा विद्यार्थ्यांना ही हकीकत जरूर सांगावी.