दातांचे रूप : दंतवैद्याची नजर आणि घरच्यांची नजर

सुंदर दातांना कुंदकळ्यांची उपमा देणाऱ्या याच मराठी मुलखात एकेकाळी सवाष्ण बायका दातवण लावून दात काळे करीत आणि ते काळेपण शोभेचे मानले जाई. पुढच्या दोन दातांमधली फट भाग्याची, ही समजूत तर आजही कानावर येते. डोळ्याला जे पाहायची सवय लागते, त्यावर दातांचे रूप ठरते. दंतवैद्याच्या डोळ्याला ही सवय पट्टी आणि एक्स-रे लावतात.

घरच्यांची नजर समोरून पडते. ‘दात पुढे आहेत’, ‘दातावर दात आलाय’, ‘हसताना हिरड्या दिसतात’, एवढ्यात निकाल लागतो. दात वेडेवाकडे असल्यास ते सरळ करणारा ऑर्थोडॉन्टिस्ट मात्र चेहरा बाजूनेही पाहतो. नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत तो मनातल्या मनात एक रेघ ओढतो. रिकेट्स या अमेरिकी तज्ज्ञाच्या ठोकताळ्याप्रमाणे खालचा ओठ या रेघेच्या साधारण २ मिलिमीटर मागे असावा, वरचा त्याहून थोडा अधिक.

या दोन नजरांतले अंतर अमेरिकेत कोकिच या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मोजून दाखवले. हसण्याच्या छायाचित्रांत थोडाथोडा बदल करून ती ऑर्थोडॉन्टिस्ट, सामान्य दंतवैद्य आणि इतर लोकांना दाखवण्यात आली. पुढच्या दातांची ओळ एका बाजूला १ मिलिमीटर कलली तरी दोन्ही प्रकारच्या दंतवैद्यांनी ते हेरले. सामान्य माणसाला ते ३ मिलिमीटरला कळले. दातांची मध्यरेषा ४ मिलिमीटर सरकली तरी सामान्य लोकांना काहीच वावगे वाटले नाही, आणि सामान्य दंतवैद्यांनाही नाही. हिरड्यांच्या बाबतीत मात्र वेगळेच घडले. हसताना २ मिलिमीटर हिरडी दिसली की लोकांना ती खटकली, ऑर्थोडॉन्टिस्टनाही खटकली. सामान्य दंतवैद्यांना ४ मिलिमीटर लागले. शिकलेली नजर दर वेळी अधिक बारीक असतेच असे नाही.

शिवाय ही पट्टी कुणाच्या चेहऱ्यावरून आखली, हेही पाहायला हवे. ऑर्थोडॉन्टिक्सचा पाया घालणाऱ्या एडवर्ड अँगल यांनी सौंदर्याचा नमुना म्हणून अपोलो या ग्रीक देवाचा पुतळा पुढे ठेवला. पुढची बरीच प्रमाणेही गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवरून आली. भारतीय चेहऱ्यात ओठ आणि दात त्या मानाने थोडे पुढेच असतात. ती मापे जशीच्या तशी लावली, तर घरात सगळ्यांना छान दिसणाऱ्या मुलीच्याही चार उपदाढा काढून दात मागे घेण्याचा सल्ला मिळू शकतो. दात काढण्याआधी ‘तुम्हाला स्वतःला काय खटकते?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये आलेल्या उपचार-निर्देशांकात रुग्णाचे दात १० छायाचित्रांच्या क्रमाशी ताडून पाहतात. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या मतालाही जागा करता येते.

दातांचे रूप ठेवणीइतकेच रंगावरही जोखले जाते. नागपुरात दातांच्या रंगाची तक्रार मोठी, आणि तिचे एक कारण पानठेल्यावर आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घासघासून केलेला खर्रा दिवसभर गालात राहतो, दातांवर तांबूस-काळी पुटे चढतात. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत कारण वेगळे असते. तिथे विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, म्हणून दात जबड्यात तयार होत असतानाच त्यांच्यावर पांढरे-तपकिरी डाग उमटतात. हे डाग ब्रशने कितीही घासले तरी जात नाहीत, आणि त्यात मुलाचा आळस कुठेच नसतो. सोयरीक जुळवताना अशा दातांवरून नाक मुरडणे हा त्या मुलांवरचा उघड अन्याय आहे.

खर्रा खाणारा ‘दात स्वच्छ करून द्या’ म्हणत येतो, तेव्हा दंतवैद्याचे लक्ष डागांवर नसते. गालाची आतली त्वचा पांढरट, ताठ झाली आहे का आणि तोंड किती उघडते, हे तो आधी पाहतो. सुपारीमुळे होणाऱ्या या आजारात तोंड उघडणे हळूहळू कमी होते आणि त्याचे रूपांतर कर्करोगातही होऊ शकते. घरच्या आरशापुढे दातांचा रंग पाहणाऱ्याने आपली तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील, तर खर्रा त्याच दिवशी सोडावा आणि नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे तोंड तपासून घ्यावे.